सामंतकाका आणि कोरियाचं कासं

सामंतकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी आमटी संपवली, वाटी रुमालाने कोरडी केली, कानाशी धरली आणि तिला नखाने टिचकी मारली.

"मुकी आहे," ते खेदाने म्हणाले. "आमटी उत्तम. वाटी मुकी."

तेव्हापासून आमच्या घरातली सगळी भांडी मुकी ठरली आहेत. कुकर तर "बहिरासुद्धा".

सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या आमच्या कॉन्डोत काका समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. वय बहात्तर, एकटेच. आयुष्यभर जहाजदुरुस्तीत इंजिनिअर होते. इथे येण्याआधी चार वर्षं कोरियात उल्सानला नोकरी केली, आणि तिथल्या जुन्या भांड्याकुंड्यांचं वेड घेऊन आले. त्यांच्या दिवाणखान्यात बसायला दोनच खुर्च्या आहेत. बाकी जागा निखाऱ्यांच्या शेगड्या, लांब दांड्यांचे चमचे, झाकणांची वाडगी आणि समया यांना दिलेली आहे. चपलांच्या कपाटाला माशाच्या आकाराचं पितळी कुलूप आहे. "मासा डोळे मिटत नाही. यापेक्षा चांगला वॉचमन मिळेल का?" त्या वॉचमनची किल्ली एकदा हरवली आणि काका तीन दिवस स्लीपर घालून बँकेपासून देवळापर्यंत सगळीकडे हिंडले. कुलूप तोडायचं नाव काढू देईनात.

एकदा माझी लेक ईरा त्यांच्याकडून धावत आली. "आई, अंकल फ्राइंग पॅनने शर्ट प्रेस करतायत! सो फनी लाह!" ते फ्राइंग पॅन म्हणजे निखारे घालायची जुनी कोरियन इस्त्री होती. कॉन्डोत निखारे चालत नाहीत, म्हणून काकांनी तिच्यात उकळतं पाणी ओतलं होतं. शर्ट होता त्याहून जास्त चुरगळला. काका तोच घालून आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "पूर्वीच्या लोकांना चुण्यांचं एवढं वाटत नसावं."

पण त्यांचा खरा जीव काशावर. तांबं आणि कथील वितळवून, तापवून, ठोकून केलेली कोरियन वाडगी ते मला तासन्‌तास दाखवतात. "भांडं उघड्या तळव्यावर ठेवायचं. काठाला बोट लावायचं नाही, गळा दाबल्यासारखं होतं त्याला. आता मारा टिचकी. ऐका, ऐका... अजून बोलतंय!" तो नाद विरेपर्यंत फोन वाजला तरी घ्यायचा नाही.

नोव्हेनाला ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे मिन्जी नावाची कोरियन नर्स आहे. ती मला एकदा म्हणाली, "आम्ही ईस्ट कोस्टचं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जातोय. सासूबाईंची जुनी काशाची वाडगी आहेत. जड आहेत, काळी पडतात, डिशवॉशरमध्ये चालत नाहीत. तुझे ते शेजारी नेतील का?"

काकांना हे सांगितलं, तर त्यांनी पत्ता दोनदा लिहून घेतला. मग शनिवारी सकाळी आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. इस्त्री लॉन्ड्रीतली होती.

मिन्जीच्या घरी सगळीकडे खोकी होती. तिच्या सासूबाई, ऐंशीच्या घरातल्या, खिडकीशी बसलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. वाडग्यांची जोडी टेबलावर होती: एक नवऱ्याचं, एक बायकोचं, दोन्हींनाही झाकणं. अशी मूळची जोडी ते किती वर्षं शोधत होते, हे मला माहीत होतं. त्यांनी मोठ्या वाडग्याचं झाकण उचललं. आत भात होता. ताजा, वाफ येत असलेला.

मिन्जी ओशाळून हसली. "माझे मिस्टर कामावर गेलेत. ते परत येईपर्यंत आई त्यांचा भात यात भरून दुलईत गुंडाळून ठेवतात. त्यांच्या गावाची रीत. मी सांगते, आई, आता मायक्रोवेव्ह आहे. अंकल, तुम्ही न्या. नाही तर दुपारी एक दुकानदार येणार आहे."

सासूबाईंना शब्द कळले नसावेत. पण त्या उठल्या, भात एका चिनी मातीच्या बोलमध्ये काढला, वाडगं धुऊन पुसलं आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरलं.

काकांनी ते घेतलं. काठ मुठीत घट्ट आवळला आणि टिचकी मारली. टक्. पाटावर मारावी तशी.

"सॉरी," ते मिन्जीला म्हणाले. "नकली आहे. दुकानदाराला बोलावू नका, तो हसेल. तुमच्या आईंनाच वापरू द्या. यात भात गरम राहतो, एवढाच याचा उपयोग."

म्हातारीची नजर काकांच्या आवळलेल्या मुठीवर होती. त्यांनी वाडगं परत घेतलं आणि कमरेत पार वाकून नमस्कार केला. काकाही वाकले. मिन्जी गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. मी खोकी मोजायला लागले.

बसस्टॉपवर मी म्हणाले, "काका, तुम्ही चक्क खोटं बोललात."

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "डोंबिवलीचं घर बंद केलं ना, तेव्हा हिच्या माहेरची काशाची भांडी मी मोडीत घातली. हिला न विचारता. जड होती, काळी पडत होती. हेच म्हणालो होतो मी. अगदी हेच शब्द."

"काकू रागावल्या असतील."

"रागावली असती तर बरं झालं असतं हो. काही बोललीच नाही. पुढे उल्सानच्या बाजारात एका दुकानात हिने एक वाडगं उचललं. 'अहो, हे तर आपलं कासंच!' म्हणाली. चेहरा असा उजळला होता! खूप वेळ त्यावरून हात फिरवला. आणि परत जागेवर ठेवून दिलं. घेऊ या का, असं विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. मी घड्याळ बघत होतो."

त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला.

"ती गेल्यावर मी घ्यायला लागलो."

आमची बस आली. इथे हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. आमच्यापैकी कुणीच हात वर केला नाही.