पिंपापुढचे स्टूल

परदेशी विद्यापीठातल्या एक संशोधक बाई उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमधील छोट्या कारखान्यांचा अभ्यास करण्यासाठी येणार असल्याचे पत्र आले. स्प्रिंग कारखान्याच्या मालकांनी ते तीनदा वाचले आणि चौथ्यांदा उजेडाकडे धरून पाहिले.

"अहो, पत्रच आहे ते," पत्नी म्हणाली.

"एवढ्या लांबून कुणी नुसते प्रश्न विचारायला येतं का? हिला आपल्या तेलाचं प्रमाण हवंय!"

तापलेल्या स्प्रिंगा कडक करण्यासाठी ज्या तेलात बुडवीत, त्यात दोन तेले असत. त्यांचे प्रमाण मालकांनी तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर अकरा वर्षे खपून बसवले होते. त्यामुळे त्यांच्या स्प्रिंगा तुटत नसत, आणि तुटत नसत म्हणूनच कारखाना चालत असे. हे प्रमाण त्याच तेलाच्या पिंपावर लाल रंगाने लिहिलेले होते. पुसावे, तर दुसरी नोंद नाही. कागदावर उतरवावे, तर कागद चोरीला जातो. तेव्हा मालकांनी त्या आकड्यांपुढे स्टूल टाकून ठाण मांडले आणि फर्मान काढले : बाईंनी काहीही विचारले, तरी उत्तर एकच, "मालकांना विचारा."

बाई मराठी शिकून आल्या होत्या. मालकांचा संशय तिथेच दुप्पट झाला.

"यंत्र बिघडलं, तर काय करायचं ते कोण ठरवतं?" बाईंनी भट्टीवरच्या मिस्त्रींना विचारले.

"मालकांना विचारा."

"तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"मालकांना विचारा."

"बरं, तुमचं नाव?"

मिस्त्रींनी मालकांकडे पाहिले. "तेही मालकांनाच विचारा."

बाई मालकांकडे आल्या. मालक कच्चे नव्हते. "छे, छे! हे सगळं कामगारांना विचारा."

दुपारपर्यंत बाईंच्या अशा आठ फेऱ्या झाल्या.

"मालक, उठा की आता!" मिस्त्री कुजबुजले. "माल गार होऊन चाललाय. तेलात बुडवू कधी?"

"होऊ दे गार. ती इकडेच बघतेय."

भट्टीतला सगळा माल वाया गेला, पण मालक हलले नाहीत. निघताना बाईंनी कॅमेरा काढला. तो नेमका कुठे रोखला आहे, हे पाहण्यासाठी मालक एका अंगाला वाकले, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

सहा महिन्यांनी बाईंचे पुस्तक आले. 'या कारखान्यात ज्ञान कुणा एकाच्या मालकीचे नाही. कामगार मालकांचे नाव घेतात, मालक कामगारांचे. मालक स्वतः भट्टीजवळ साध्या स्टुलावर बसतात.' मालकांची छाती फुगली. मग त्यांनी पान उलटले. त्यांच्या वाकलेल्या खांद्यामागे लाल आकडे झळकत होते. इतके स्पष्ट तर ते पिंपावरही दिसत नसत.

"मिस्त्री, बुडालो! सगळ्या जगाला प्रमाण कळलं!"

मिस्त्रींनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. "हे होय? हे कोण वापरतंय आता? चार वर्षं झाली बदलून. या प्रमाणानं शंभरात दोन तरी तुटायच्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हीच बजावलं होतंत ना, प्रमाण कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही."

मालकांच्या जिवात जीव आला. त्यांनी स्टूल जवळ ओढले आणि आवाज खाली आणला. "मग आता काय आहे प्रमाण?"

मिस्त्रींनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि मालकांच्या हातातल्या त्या परदेशी पुस्तकाकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"मालकांना विचारा," ते म्हणाले आणि भट्टीकडे वळले.