राखाडी बटणाचा छडा

मी हाडाचा गुप्तहेर. पगारपत्रकावर 'चाचणी विभाग' असं लिहिलंय, ते निव्वळ लोकांची दिशाभूल करायला. माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे, की समोरच्याला बोचू नये म्हणून मी ऑफिसातही काळा चष्मा लावतो.

परवा सकाळी आमची प्रोग्रामर माझ्या टेबलाशी आली आणि तिथला चाचणीचा फोन बघून रडवेली झाली. "काका, बटण राखाडी झालंय."

काका म्हटलेलं मला आवडत नाही, पण प्रकरण गंभीर होतं. नवं ॲप सगळं पांढरं-काळं, रंग तेवढा एका बटणाला, केशरी. बाजारातलं तयार बटण न घेता हिनं ते स्वतः घडवलं होतं, तीन महिने खपून. चार वाजता ग्राहक बघायला येणार होते. बटण केशरी दिसलं नाही, तर साहेब तिथे तयार बटण डकवणार आणि हिची रवानगी जुन्या फॉर्मांच्या दुरुस्तीवर होणार.

"काल संध्याकाळी चाचणीचा फोन तुमच्याकडे दिला, तेव्हा नीट होतं," ती म्हणाली. "आधी तो चष्मा काढून बघा."

काढला. राखाडीच.

"आनुवंशिक आहे," मी म्हणालो. "बटण ज्या चौकटीत बसतं, तिचाच रंग त्यानं उचललाय. चौकट हिरवी कर."

तिनं केली. बटण राखाडी राहिलं आणि चौकटही राखाडीच दिसली.

"बघ, टोळी आहे."

मग मला वाटलं, दुसरी कुठली तरी स्टाइल, म्हणजे रंगरूप ठरवणारी सूचना, हिच्या स्टाइलवर दादागिरी करतेय. तिनं बाकीच्या सगळ्या स्टाइली काढून टाकल्या. फरक शून्य. शेवटी मी डिझायनरला गाठलं, कारण तो राखाडी शर्ट घालून आला होता.

"अहो, पांढराच आहे. मळलाय."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो आणि वहीत नोंद केली.

चारला दहा कमी असताना पोरीनं टेबलावर डोकं टेकलं. "तीन महिने पाण्यात गेले, काका." मला खरंच वाईट वाटलं.

एवढ्यात रिसेप्शनवरच्या बाई आल्या. ग्राहक खाली पोचले होते, पासासाठी त्यांचा फोटो हवा होता आणि बाईंचा फोन चार्जिंगला होता. त्या चाचणीचा फोन घेऊन गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या.

"खाली आलेल्या ग्राहकसाहेबांचा टाय लालभडक आहे, फोटोत राखाडी आला. कुणीतरी फोन ब्लॅक अँड व्हाइट करून ठेवलाय. आमचे आजोबाही करतात, डोळ्यांना त्रास होतो म्हणून." त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबलं.

हिरव्यागार चौकटीत केशरी बटण झळकलं. ग्राहकांना चौकटसुद्धा आवडली. पोरगी सकाळपासून पहिल्यांदा हसली, आणि मग हळूच वळून माझ्याकडे बघायला लागली.

रंग माणसाला फसवतात. म्हणून तपास हाती घेतला की मी आधी रंग बंद करतो. आदल्या संध्याकाळी फोन हातात आल्या आल्या केले होते.

अहवालात मी एवढंच लिहिलं: गुन्हेगार सापडला. घरचा माणूस आहे, चांगल्या चालीचा आहे, वय झालंय. समज देऊन सोडून दिला.