निमकर काकूंचं सहा आकडी कुलूप

आमच्या शेजारच्या निमकर काकूंना दुकानात कुणी मोबाईल नंबर विचारला, की त्या आधी त्याचा नंबर विचारतात.

मागे मी त्यांच्यासोबत फडके रोडला चपला घ्यायला गेलेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आंटी, मोबाईल नंबर?"

"तुझा सांग."

"माझा?"

"हो, तुझा. तुझ्या आईचाही सांग. राहतोस कुठे?"

त्याने आता मान वर केली.

"नाही ना सांगवत? अरे, मी चपला घ्यायला आलेय. चपला पायात घालणार, कानाला नाही लावणार. माझ्या नंबरावाचून तुझं काय अडलंय?"

नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणे. काकू हलेनात, मागे रांग वाढली, शेवटी मॅनेजरने स्वतःचा नंबर टाकून बिल काढलं. आता सेलचे सगळे मेसेज त्यालाच येत असणार. येऊ देत!

"तुझं काय अडलंय?" हा काकूंचा ठेवणीतला प्रश्न. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट भरल्या खोलीत "काय होतंय तुम्हाला?" म्हणाली, तर काकू म्हणाल्या, "तुला सांगून बरं वाटणार असतं, तर डॉक्टरला कशाला गाठलं असतं?" माजिवड्याला माझ्या मेव्हण्याकडे सत्यनारायण होता. त्याच्या टॉवरच्या गेटवर पाहुण्यांचा फोटो काढतात. काकूंनी फोटो काढू दिला नाही आणि परतही गेल्या नाहीत. गेटवरच खुर्ची मागून बसल्या. प्रसाद, तीर्थ, नंतर जेवणाचं ताट, सगळं लिफ्टने खाली आणावं लागलं. वॉचमनलाही शिरा मिळाला. तो अजून विचारतो, "वो आंटी फिर कब आएँगी?"

काकूंची सगळी नोकरी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात गेली. एकदा एक बाप तिथे येऊन विचारायला लागला, "माझी मुलगी कुठली पुस्तकं नेते?" काकू म्हणाल्या, "तिलाच विचारा. ती सांगत नसेल, तर का सांगत नाही ते स्वतःला विचारा." तक्रार वरपर्यंत गेली, पण काकू बधल्या नाहीत. लग्न केलं नाही, घरात एकट्या. दारावरच्या पाटीवर नाव नाही, फक्त खोलीचा नंबर.

तर या काकू एका रविवारी माझ्याकडे आल्या. मी ठाण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतो, त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक बिघडलेल्या फोनवर माझं नाव कोरलेलं आहे.

"मंदार, मला ते आकडेवालं ॲप पाहिजे."

म्हणजे असं, की ईमेल उघडताना पासवर्डनंतर दुसरं कुलूप लावता येतं. सहा आकडे मागतं. ते आकडे एकतर मेसेजने येतात, नाहीतर फोनमधलं एखादं ॲप ते तयार करतं आणि सारखं बदलत राहतं.

"काकू, मेसेजवालं सोपं आहे. तेच लावून देतो."

"मेसेजवालं नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

मी निमूट एक ॲप घातलं. उघडताक्षणी त्याने मोबाईल नंबर मागितला. मी काकूंकडे बघायचं टाळलं.

"आकडे फोनच तयार करणार म्हणालास ना?"

"हो."

"मग याचं काय अडलंय माझ्या नंबरावाचून? काढ."

दुसऱ्याने लोकेशन मागितलं. काकू उसळल्या. "मी डोंबिवलीत बसलेय की कल्याणात, त्याने काय आकडे बदलणार आहेत? कल्याणला सात येतात का?" तिसऱ्याला फोनमधली नावं हवी होती. "आकडे मला लागणार. माझ्या दूधवाल्याचा काय संबंध?" चौथ्यात आकड्यांच्या खाली पोट कमी करायच्या चूर्णाची जाहिरात. पाचवं मला स्वतःला आवडलेलं. देखणं, आणि सगळं आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर साठवणारं.

"फोन हरवला तरी चिंता नाही," मी अभिमानाने सांगितलं. "दुसऱ्या कुठल्याही फोनवर अकाउंट उघडा, सगळं परत येतं."

"कुठल्याही फोनवर? म्हणजे कुणाच्याही?"

"पासवर्ड माहीत असेल तर."

"काढ."

आता मात्र माझं डोकं फिरलं. रविवार गेला होता, पोहे गार झाले होते. माझी बायको गौरी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, "काकू, तुमच्या ईमेलमध्ये आहे काय एवढं? लाईटबिल आणि भिशीवाल्या बायकांचे सुविचार! कोण येतंय ते चोरायला?"

काकू उठल्या. फोन उचलला आणि गेल्या. उत्तर न देता गेलेल्या काकू मी पहिल्यांदाच बघत होतो. मला चैन पडेना.

आठवडाभर ऑफिसातून येऊन मी शोधत बसलो. आणि शोधता शोधता मलाच संताप यायला लागला. साधं कुलूप मागायला जावं, तर प्रत्येक कुलूपवाला घराची किल्ली मागतोय! आणि आपण देतोय! मी तर सगळीकडे डोळे मिटून 'हो' दाबलेलं. शेवटी एक सापडलं. कुणा हौशी मंडळींनी बनवलेलं, फुकट. आतली सगळी रचना ज्याला हवी त्याने तपासावी म्हणून उघडी ठेवलेली. नंबर नको, नाव नको, इंटरनेटसुद्धा नको. आकड्यांची प्रत काढायची तर ती कुलूपबंद फाईलमध्ये, आपल्याच हाताने, आपण ठेवू तिथे.

पुढच्या रविवारी मी ते काकूंच्या फोनमध्ये घातलं. काकूंनी फोनचं इंटरनेट बंद केलं, आतलं सिमही काढायला लावलं. आकडे बदलत राहिले. काकू बराच वेळ बघत बसल्या.

"कुणाला न विचारता चालतंय," त्या म्हणाल्या. "हे छान आहे." मग फोन माझ्या हातात दिला. "आता काढून टाक."

"काय?"

"माझ्यासाठी नव्हतंच ते. चप्पल घाल. आपल्याला एका ठिकाणी जायचंय."

आंबिवलीला उतरून आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं?"

"सरळ," काकू म्हणाल्या.

पुढे गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं.

"डावीकडे."

"अहो मावशी, जायचंय कुठं ते तरी सांगा!"

"आलं की सांगते. तुझं काय अडलंय?"

एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काकूंनी कडी वाजवली. आतून विचारलं गेलं, "कोण?" काकूंचा आवाज ओळखल्यावरच दार उघडलं. शर्वरी, काकूंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिशीची असेल. खोलीत एक गादी, एक गॅसची शेगडी आणि खिडकीला पडद्याऐवजी ओढणी.

शर्वरीच मला सगळं सांगत गेली, पाठ केल्यासारखं. ती नवऱ्याचं घर सोडून आलेली. ईमेलला जोडलेला तिचा नंबर नवऱ्याच्या नावावर, सिमही त्याच्याकडेच राहिलेलं. म्हणजे मेसेजवालं कुलूप लावलं, तर आकडे त्याच्याच हातात. पासवर्ड तर लग्नापासूनच त्याला ठाऊक, 'आपल्यात काय लपवायचं' म्हणून. ती ठाण्याला टेंभी नाक्याजवळ हॉस्टेलवर राहायला गेली, तर फोनच्या लोकेशनवरून शोधत तो रोज समोर येऊन उभा राहायला लागला. म्हणून तो फोन बंद करून ती इथे आलेली; आता हातातला फोन आणि सिम नवं. एका लॅबने तिला नोकरी दिली, तर त्याने तिच्या ईमेलवरून परस्पर कळवून टाकलं, की घरगुती अडचणीमुळे मी येऊ शकत नाही. सोबत 'आपली नम्र, शर्वरी' असंही लिहिलं.

नंबर नको. लोकेशन नको. कुठल्याही फोनवर उघडणारं नको. काकूंचा एकेक हट्ट माझ्या डोळ्यांसमोरून गेला. सुविचारांचा विनोद आठवून कान तापले. पण त्याहून जास्त तापलं डोकं, त्या 'आपली नम्र'मुळे.

आम्ही कामाला लागलो. आधी पासवर्ड बदलायचा होता. शर्वरी टाईप करायला लागली तशा काकू उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग माझ्यावर खेकसल्या, "तूही वळ!" आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे बघत होतो. मग नवऱ्याकडचा नंबर ईमेलवरून काढला, त्याचे फोन आणि लॅपटॉप त्या ईमेलमधून बाहेर काढले, ॲप जोडलं.

"त्याला कळेल आता," शर्वरी पुटपुटली.

"कळू दे," काकू म्हणाल्या. "दार बंद झालेलं कळायलाच हवं."

फोन हरवला तर अडीअडचणीला लागणारे कोड शर्वरीने कागदावर लिहून काकूंपुढे केले. "मावशी, हे तुझ्याकडे ठेव."

"अजिबात नाही. तुझं तू ठेव. मला माहीत असायला नको."

परतताना आंबिवलीच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो होतो. काकू ताठ बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तिला झोप लागते का, माहीत नाही मला. जेवते काय, माहीत नाही. फार विचारावंसं वाटतं रे. माझ्याकडेच येऊन राहा म्हणावंसं वाटतं. पण इतकी वर्षं तिला नुसतं विचारलंच गेलंय. कुठे होतीस, कुणाशी बोललीस. आता मीही विचारायचं?"

गाडी आली, आम्ही चढलो.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. काकू दारात, फोन माझ्या नाकासमोर. शर्वरीचा मेसेज होता: 'मावशी, आज मुगाची खिचडी केलेली. खाली लागली. तरी खाल्ली.'

"मी काही विचारलं नव्हतं हं," काकू म्हणाल्या. "तिने आपणहून कळवलं." पुन्हा वाचलं. "खाली लागली म्हणते. पातेलं पातळ असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर काकू जिन्यात भेटल्या. केस नीट बांधलेले, इस्त्रीची साडी. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी जाड बुडाच्या पातेल्याची कड. कुठे निघालात, असं मी विचारलं नाही. बाजूला सरून त्यांना वाट दिली.