अकरा दिवसांचा बैल

डोमाजीकाका घरी आले की पाणी मागण्याआधी तुमचं दार ठोकतात. दार उघडं असलं तरी. बोटाच्या पेराने दोनदा टकटक, लाकडाला कान, डोळे मिटलेले, मग निकाल. "सागवान. चार दिवसाचं काम. पन मिस्त्री उपाशी होता, घाई केली त्यानं."

वस्तूचं मोल ते रुपयांत करत नाहीत, दिवसांत करतात. माणसाच्या हाताचे किती दिवस त्यात गेले, एवढंच. माझ्या लग्नातल्या पलंगाला त्यांनी "दीड दिवस" म्हटलं, तेव्हापासून माझी बायको त्यांना अर्धाच कप चहा देते.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मारुतीसमोर आणतात. परीक्षक काकाच. चकचकीत, झुलीचा बाजारी बैल ते बाजूला सारतात. "मशीनचा आहे. याले मायबाप नाही." आणि तीन चाकांवर लंगडणाऱ्या एखाद्या ओबडधोबड बैलाला पहिला नंबर. किराणावाला तणतणतो, "काका, याले तर शेपूटच नाही!"

"शेपटीले काय पाह्यतं बे? याच्या बापानं सहा दिवस झोप मोडली."

दुसरं वेड नदीचं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आम्ही नव्या वसाहतीत आलो. एसटी त्या पाण्याजवळून जाऊ लागली की काका खिडकीतून नदीवर ओरडतात, "चोट्टे! थू तुह्यावर!" ड्रायव्हरही आता सवयीने गाडी हळू करतो. सगळे हसतात. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्याने.

ते का, हे कधी कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

गाव उठलं तेव्हा काकांचं सामान माझ्या टेम्पोत होतं. सीताकाकू त्याच्या आदल्या वर्षी गेलेल्या. त्यांच्या कोनाड्यात शिवणीच्या लाकडाचा वीतभर बैल होता. पाठीवरची कोरलेली झूल उचलली की आत डबी. डबीत काकूंच्या पिना, कुंकवाची पुडी, लाखेची एक बांगडी. लग्नाच्या वर्षी काकांनी तो स्वतः कोरला होता. माझी पोरगी सहा वर्षांची आणि तान्हा पोळा पंधरा दिवसांवर. मी बैल सीटखाली सरकवला. काकू गेल्यापासून काका घराबाहेर पडत नव्हते, पोळ्याला कशाला येतील? एक दिवस मिरवू, मग परत देऊ, असं मनाशी म्हटलं.

पण म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचं म्हणून लोकांनी त्याच वर्षी त्यांना परीक्षक केलं. चोरीचा बैल धन्यापुढेच कसा उभा करणार? तो धानाच्या कोठीमागे गेला, तो तिथेच राहिला. काकांना वाटलं, कोनाड्यातच विसरला आणि पाण्याने नेला. आज देऊ, उद्या देऊ म्हणत पंधरा वर्षं गेली.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. कोठी हलवताना बायकोला बैल सापडला. म्हणाली, "किती सुंदर आहे! पोरीला देऊ." तेव्हा मात्र मला राहवेना.

बैल घेऊन काकांकडे गेलो. तिथेही भेकडपणा केलाच. "काका, नागपूरवरून आणला. पाहा बरं, किती दिवसाचा?"

काकांनी तो ठोकला नाही. कान लावला नाही. डाव्या शिंगावरून नुसता अंगठा फिरवला.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "बाराव्या दिवशी हे शिंग बरोबर करनार होतो. सीता म्हने, राहू द्या आखूड. आपलाच आहे असं वळखू येते." मग माझ्याकडे पाहिलं. "तुले कुठं भेटला?"

"काका, सामान भरताना मीच उचलला होता."

झूल उचलून ते डबीतली बांगडी बोटांत फिरवत बसले.

"म्हंजे पान्यानं नाही नेला?"

"नाही."

"पंधरा वर्सं मी त्या नदीले चोट्टी म्हनून राहिलो," काका म्हणाले, आणि झूल बंद केली.

पुढच्या आठवड्यात पवनीला जाताना मी त्यांच्या मागच्याच सीटवर होतो. पाणी आलं. ड्रायव्हरने गाडी हळू केली, लोकांनी हसायला तोंडं वळवली. काकांनी टोपी काढली, खिडकीबाहेर दोन्ही हात जोडले.

"चुकलं बाई माहं."

मग त्यांनी काच लावून घेतली.

मला त्यांनी अजून एकही शिवी दिलेली नाही.