वाणाचे रुमाल

क्रोशाचा गोल रुमाल टेबलावर सपाट बसला पाहिजे. कडा वर आल्या की समजावं, विणणारीचं लक्ष शेजारणीच्या बोलण्यात होतं. अख्ख्या केशवापुरात माझ्याइतका सपाट रुमाल कुणी विणत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे आता सांगतो. पूर्वी सांगायची सोय नव्हती.

बेलूरच्या कारखान्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा माझ्याकडे रिकामे हात आणि तपकिरीची डबी एवढंच उरलं. माझी बायको शालिनी तेव्हा शेजारच्या अनसूयाक्कांकडे क्रोशा शिकायला जायची. तिचा रुमाल चार ओळींतच तळलेल्या पापडासारखा वळायचा. जन्मभर यंत्रांचे सुटे भाग मापून पाहिलेला मी, मला ते बघवेना. तिचा गुंता सोडवता सोडवता सुई माझ्याच हातात राहिली. दुपारभर दार लावून मी विणू लागलो. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटलं.

टीव्हीवर, फोनवर, फ्रिजवर घालायला रुमाल खपू लागले. नाव शालिनीचं. "पुरुषमाणसाच्या हातचा क्रोशा कोण घेणार?" असं मीच म्हणालो होतो. पण बायका तिच्या बोटांचं कौतुक करू लागल्या, की आतल्या खोलीत मी चरफडायचो.

संक्रांतीला रायापूरच्या दीपश्रीवहिनींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला पन्नास रुमाल सांगितले. वर म्हणाल्या, "शालिनीवहिनी, सगळ्यांसमोर थोडं विणूनही दाखवा की. आवडलं तर आमच्या मंडळातल्या बायका मुलींच्या रुखवताचं काम तुम्हालाच देतील."

शालिनी हो म्हणाली. तिला नाही म्हणता येत नाही. आमचं लग्नही तसंच जमलं.

मी योजना आखली. तिने बोटाला चिंधी बांधायची, विळीवर कापलं म्हणायचं आणि मी अर्धा विणून दिलेला रुमाल नुसता दाखवायचा.

"खोटंच बोलायचं ना?" ती म्हणाली. "इतके दिवस तेच करते आहे."

हे मला लागलं. पण योजना चांगली होती.

हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिलो. आतून बांगड्या, हसणं, उखाणे ऐकू येत होते. मग वाण वाटायला सुरुवात झाली असावी, कारण एक शिंक आली. पाठोपाठ दुसरी. मग दिवाळीतली लड पेटावी तशा शिंका सुटल्या. जी ती रुमाल डोळ्यांजवळ नेऊन टाके बघत असणार, आणि विणताना मी प्रत्येक टाक्यागणिक चिमूटभर तपकीर ओढली होती!

शिंका थांबल्या तशी आतून शालिनीचा आवाज आला. "बोट कापलेलं नाही. मला विणता येत नाही. हे सगळं ह्यांनी विणलंय."

मला वाटलं, संपलं. रुखवत गेलं, अब्रूही गेली.

"ठाऊक आहे की," अनसूयाक्का म्हणाल्या. "पहिला रुमाल दाखवायला आणलास, तेव्हाच शिंकले होते मी. वाट बघत होते, कधी सांगतेस ते." आणि दारात येऊन त्यांनी मला त्यांच्या कानडी-मराठीत हाक मारली. "पद्मनाभअण्णा, बर्री ओळग. उन्हात काय बसलात, आत या."

बायकांनी सरकून सतरंजीवर जागा केली. मी विणायला लागलो. रुमाल सपाट आला. कुणी हसलं नाही. शालिनीने बोटाची चिंधी सोडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला दोन टाके उसवून पुन्हा घालावे लागले. फार बरं वाटलं.

रुखवताचं काम मिळालं. मी त्याच दिवशी तपकीर सोडली. नवे रुमाल स्वच्छ साबणात धुऊन, इस्त्री करून पोचवले. आठवड्याने दीपश्रीवहिनी ते सगळे घेऊन परत आल्या. एक नाकाशी धरला, पुन्हा धरला, शिंक काही येईना.

"राग मानू नका भावजी, पण हे तुमच्या हातचं वाटत नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत का हो?"

मी देवाशपथ सांगितलं. पटेना. शालिनी आत गेली आणि कपाटातली तपकिरीची डबी घेऊन आली.

तेव्हापासून आमच्या घरी मी तपकीर ओढत नाही. रुमाल ओढतात.