कोपऱ्यातले उलटे बाण

डाव्या कोपऱ्यातला वारा वर चालला होता. तो खाली जायला हवा होता. वाराताई सकाळपासून स्क्रीनकडे डोळे फाडून बघत होत्या. वाऱ्याचे फोटो काढतात म्हणून त्या वाराताई. त्यांचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

समोर एका इस्पितळातल्या ऑपरेशनच्या खोलीची छोटी प्रतिकृती होती. काचेच्या भिंती, बोटभर टेबल, त्याच्या डाव्या बाजूवर लटकणारा दिवा. छतातून वारा सोडायचा, त्यात धूर मिसळायचा, लेसरच्या उजेडात धुराचे कण चमकले की पाठोपाठ दोन फोटो घ्यायचे. कोणता कण कुठे सरकला ते पाहून कॉम्प्युटर बाण काढतो. स्वच्छ वारा टेबलावर उतरून जमिनीलगत बाहेर पडला पाहिजे. तीन वाजता इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, आणि कोपऱ्यातले बाण छताकडे तोंड करून उभे होते.

"फोटोतच चूक आहे," वाराताई म्हणाल्या.

"टेबल चमकतंय, ताई. कॅमेऱ्याचे डोळे दिपतात," यंत्रं सांभाळणारे मिस्त्रीकाका म्हणाले. त्यांनी टेबल काळं रंगवलं. चकाकी गेली. बाण वरच.

"मग भिंग फोटो वाकवत असणार."

त्यावरही उपाय होता. सारख्या अंतरावर ठिपके असलेली पाटी खोलीत उभी करायची, तिचा फोटो घ्यायचा, म्हणजे किती वाकलंय ते कॉम्प्युटरला कळतं आणि तो सरळ करतो. काकांनी पाटी उभी केली. वाराताईंनी बटण दाबलं. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सरांचा, फोन आला.

"झाली दुरुस्ती?"

"सर, आता सगळाच वारा वर चाललाय."

"आधी किती जात होता?"

"एका कोपऱ्यातला."

"मग ही दुरुस्ती कसली?"

पाटी उलटी लागली होती. ती सुलट केल्यावर बाकीचे बाण गुमान खाली आले. कोपऱ्यातले तसेच. वाराताईंनी कॅमेऱ्याचे स्क्रू आवळले, काच पुसली, मग स्वतःचा चष्मा पुसला. आपल्याला वर आणि खाली यातला फरक तरी कळतो ना, अशी त्यांना शंका येऊ लागली.

पावणेतीनला सर स्वतः आले. "एवढं काय त्यात? चुकीचे बाण पुसून टाकायचं बटण आहे ना? शेजारचे बाण बघून ते नवे काढतं."

"पण सर, ते बाण चुकीचेच आहेत हे..."

"शेजारी सगळे खाली जातायत. हेच तेवढे शहाणे?"

बटण दाबलं गेलं. कोपरा शिस्तीत खाली वळला. वाराताईंनी मूळ फोटो मात्र वेगळे जपून ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हालाही नाही सापडलं."

"काय?" सरांनी विचारलं.

"आमच्या खोलीत दिव्याखालचा वारा वर उसळतो. जमिनीवरची धूळ जखमेपर्यंत येते. पत्रात लिहिलं होतं की! दुसऱ्या पानावर."

सरांनी पहिलंच पान वाचलं होतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून सगळ्यांना कळलं.

"सापडलं होतं," वाराताई एकदम म्हणाल्या. "सकाळपासून दिसत होतं. आम्ही ते दुरुस्त केलं."

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "दुरुस्त केलं? एका दिवसात? आमच्याकडे कधी येताय?"

"तसं नाही हो. फक्त चित्रात केलं. वारा अजून वरच जातोय."

मूळ फोटो शाबूत होते. वाराताईंनी ते उघडले. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, प्रतिकृतीकडे पाहिलं, आणि छतातून उतरणारा वारा अडवणारा दिवा चार बोटं बाजूला सरकवला. नवे फोटो घेतले. कोणतंही बटण न दाबता सगळे बाण खाली.

"बघा!" वाराताईंचा आवाज चिरकला.

डॉक्टरीणबाईंनी डोळे बारीक केले. "हे खरंच खाली जातंय, की तुम्ही दुरुस्त केलंय?"

वाराताईंनी शपथ घेतली. सरांनी पाटी दाखवली, भिंग समजावलं. बाईंची मान काही हलेना. शेवटी काकांनी लेसर बंद केला, कागदाची एक पातळ पट्टी काडीला चिकटवली आणि प्रतिकृतीतल्या टेबलाच्या डाव्या बाजूला धरली. पट्टीचं टोक मुकाट्याने खाली लोंबत राहिलं. मग त्यांनी दिवा मूळ जागी नेला, आणि टोक सळसळत वर उठलं.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे यंत्र चांगलंय. केवढ्याला पडलं?"