गवसांचं लिस्बन

गवसांनी एकदा आम्हाला एक वाजता जेवायला बोलावलं आणि चार वाजता जेवू घातलं. यात चूक आमचीच. एक म्हणजे कुठला एक, हे आम्ही विचारलं नव्हतं. आम्ही रियाधमध्ये त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. पण त्यांच्या हॉलमधलं घड्याळ लिस्बनच्या वेळेवर लावलेलं आहे आणि सुट्टीच्या दिवशी अख्खं घर त्याच घड्याळावर चालतं. थंडीत तीन तास मागे, उन्हाळ्यात दोन. सुलभावहिनींचा भात, सुरमई, सोलकढी सगळं साडेबारालाच तयार होतं, पण यजमानांचा एक वाजल्याशिवाय ताटं मांडायची सोय नव्हती. माझ्या नवऱ्याला डायबेटिस आहे. त्याने शोभेसाठी ठेवलेल्या टोपलीतली तीन केळी गुपचूप खाल्ली.

वहिनींना मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत या प्रकाराचा? त्या म्हणाल्या, नोकरीची वेळ सौदी, शाळेची वेळ सौदी, मग आठवड्यातून एक दिवस त्यांचं ऐकलं तर काय बिघडतं? पोटात काहीतरी टाकून मगच पाहुण्यांची वाट बघते मी. हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं.

मोहन गवस रियाधच्याच अल सुलै भागात एका गोदामात स्टोअर इनचार्ज आहेत. एसीचे सुटे भाग सांभाळायचे, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू लेबल लावून, क्रमांक देऊन फळीवर ठेवावी, असं त्यांचं मत झालं आहे. घरात लॅमिनेशनचं मशीन आहे. मुलीचं बालवाडीतलं पहिलं चित्रही लॅमिनेट केलेलं आहे आणि त्याच्या मागे तारीख आहे. कुठल्याही कागदाच्या तीन प्रती काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी एकदा लग्नाचं आमंत्रण दिलं तर म्हणाले, "वहिनी, अजून दोन द्या." वर ठरलेलं वाक्य: "कागदाक तोंड असता."

आता लिस्बनचं काय, तर त्याची गोष्ट एका बाळंतपणापासून सुरू होते. गवसांचं गाव दोडामार्गच्या बाजूला. त्यांची आजी सरहद्दीपलीकडची, डिचोलीची. तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आपला रिवाज. त्याप्रमाणे आजी सातव्या महिन्यात डिचोलीला गेली आणि तिथे गवसांचे वडील, म्हणजे अण्णा, जन्मले. मामांनी तिथल्या दफ्तरात रीतसर नोंद केली. पुढची तीन मुलं सासरी, सरहद्दीच्या अलीकडे झाली. म्हणजे एकाच आईची चार मुलं, त्यातला थोरला पोर्तुगालच्या दफ्तरात आणि बाकीचे तिघं नाहीत. पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्या मुलाबाळांना, त्या देशाचं नागरिकत्व आजही मागता येतं. हे गवसांना कॅन्टीनमध्ये एका गोवेकराने सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीचं स्वास्थ्य गेलं.

चुलत भाऊ फोन करून विचारायचे, आमचं काही होईल का. गवस गंभीरपणे सांगायचे, "तुमचे वडील दुसऱ्या खेपेचे. काय करणार? आजीने दुसऱ्या खेपेला पण माहेरी जायला हवं होतं." जणू म्हातारीने नातवंडांच्या व्हिसाचा विचारच केला नाही.

तयारी जोरात सुरू झाली. लिस्बनला चढ फार आहेत असं त्यांना कळलं. रियाध सपाट. मग शुक्रवारी बाजारहाट झाली की बायको आणि मुलगी यांनी पिशव्या घेऊन मॉलच्या पार्किंगचा उतार तीन वेळा चढायचा, असा नियम निघाला. तन्वी तेव्हा अकरावीत. ती म्हणायची, "बाबा, people are looking." गवस म्हणायचे, बघू देत, उद्या तू चढशील तेव्हा ते धापा टाकतील. एकदा तिथल्या सुरक्षारक्षकाने त्यांना थांबवून गाडी हरवली का म्हणून विचारलं. पोर्तुगालमध्ये सुका खारवलेला मासा आवडीने खातात, हे समजल्यावर तर त्यांची छाती फुगली. "आपण अर्धे पोर्तुगीज आधीपासूनच आहोत, वहिनी. फक्त सुकटाचं नाव बदलायचंय."

मी शाळेत गणित शिकवते. मला प्रमेय पुढे सरकण्याआधी गृहीतक तपासायची सवय. एकदा मी त्यांना स्पष्ट विचारलं, की हे सगळं कशासाठी? आपला देश आहे की. त्यावर ते पहिल्यांदाच फाईल बाजूला ठेवून बोलले. पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतात, त्यानंतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवणार नाही असं कंपनीने कळवलं होतं. गावच्या घरात दोन भाऊ राहतात. चांगले आहेत, पण अठ्ठावीस वर्षांत त्यांचा संसार त्या घरभर पसरला. "गावी गेलो की लोक पहिलं काय विचारतात माहीत आहे? परत कधी जाणार? आल्याची चूळ भरायच्या आत. इकडे पण तेच, तिकडे पण तेच. मला एक असं घर हवंय जिथे कोणी हे विचारणार नाही." माझ्या सासरीही हेच विचारतात.

कागद जमवताना एक घोटाळा निघाला. अण्णा दोनदा जन्मले होते. आजी बाळाला घेऊन तीन महिन्यांनी सासरी आली, तेव्हा आजोबांनी मुलगा घरी आला या आनंदात गावच्या पाटलाकडे पुन्हा नोंद केली, आणि जन्मतारीख घातली नोंदीच्याच दिवसाची. शाळेत, नोकरीत सगळीकडे तीच तारीख लागली. कुठल्याही कागदाच्या तीन प्रती ठेवणाऱ्या माणसाच्या वडिलांच्या जन्माच्या दोन प्रती असाव्यात, आणि त्या जुळू नयेत, याचा गवसांना जबर धक्का बसला. दोन दिवस जेवले नाहीत, कुठल्याच वेळेला. मग उपाय सापडला. अण्णांनी स्वतः येऊन, डिचोलीची नोंद खरी आणि गावची चुकीची, असं लिहून द्यायचं आणि पोर्तुगालच्या दफ्तरात आपलं नाव लावून घ्यायचा अर्ज करायचा. आधी वडिलांचं नाव लागणार, मग मुलाचं, मग तन्वीचं. सगळं त्या एका सहीवर अडलेलं. म्हणून गवसांनी अण्णांना व्हिजिट व्हिसावर रियाधला आणलं.

अण्णा ऐंशीच्या पुढचे, ताठ, पांढरा सदरा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. विमानतळावर त्यांनी पासपोर्टच्या आधी मतदार ओळखपत्र काढून दिलं होतं म्हणे. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून परत दिलं. अण्णांचं म्हणणं, ओळख विचारली तर ओळखपत्रच द्यावं माणसाने.

आमचं चांगलं जमलं. दुपारी ते माझ्याकडे येऊन मुलांच्या वह्या तपासून देत. माझ्या वर्गातला पहिला नंबर त्यांनी तिसऱ्यावर आणला, कारण त्या मुलाने ताळा केला नव्हता. त्यांच्याकडे गप्पांचा विषय एकच, निवडणूक. मास्तरांना निवडणुकीचं काम लागतं आणि बाकीचे ते टाळायला बघतात. अण्णांनी एकदाही टाळलं नाही. मतपेटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरल्याची गोष्ट मी चार वेळा ऐकली, आणि चारही वेळा पेटीचं सील शाबूत होतं. निवृत्त झाल्यावर गावातलं पहिलं मत अण्णांचं, हे ठरलेलं. दुसऱ्या कुणाचा नंबर लागू नये म्हणून पहाटेच जाऊन शाळेच्या पायरीवर बसतात. जन्मतारखेचा घोळ कळल्यावर त्यांना नागरिकत्वाचं काही वाटलं नाही. आपण सरकारी नोकरी तीन महिने जास्त केली, याची मात्र टोचणी लागली. कुणाला पत्र लिहून माफी मागावी, ते मला विचारत होते.

पोर्तुगालच्या वकिलातीत जायचा दिवस आला. गवसांची गाडी बंद पडलेली, आणि ओळख पटवायला एक माणूस हवा होता, म्हणून मी माझी गाडी घेऊन निघाले. गवस मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत त्यांनी तीनदा कागद मोजले आणि तिन्ही वेळा बावीसच भरले.

काउंटरवरची बाई सौम्य होती. तिने अर्ज अण्णांपुढे सरकवला आणि कुठे सही करायची ते दाखवलं. अण्णांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मास्तर माणूस, न वाचता सही करणार नाही. एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत पान संपवायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग पेन हातात घेतलं आणि मुलाकडे बघून, सहज बाजाराचा भाव विचारावा तसं विचारलं, "मोहन, ह्येच्यार सही केली काय मगे माका मतदान करूक गावतला?"

गवस खोटं बोलू शकले असते. आपल्या सरकारच्या लेखी तिकडे नाव लागलं की इकडचं नागरिकत्व गेलं, हे त्यांना पाठ होतं. अण्णांना ते कधी कळलंही नसतं, पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी.

"नाय, अण्णा," ते म्हणाले.

अण्णांनी मान डोलावली. "पण तुझा काम होता मा?"

"होता."

"मगे झाला. खंय करू सही?"

आणि अण्णांनी पेन टेकवलं. टेकवलं म्हणजे टोक कागदाला लागलं, मी पाहिलं. तेवढ्यात गवसांनी अर्ज त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. काउंटरवरच्या बाईला ते इंग्रजीत म्हणाले, माफ करा, एक कागद घरी राहिला. बाई म्हणाली, कुठला ते सांगा, नंतर पाठवला तरी चालेल. गवस म्हणाले, नाही, महत्त्वाचा आहे. त्यांनी फाईल बंद केली, वर रबर लावलं आणि अण्णांना हाताला धरून उठवलं. अण्णा वाटेत त्यांना रागावत होते. आपल्या शाळेत असा विसरभोळा मुलगा असता तर अंगठे धरून उभा केला असता, असं म्हणाले. गवस खाली मान घालून ऐकत होते. वहिनींनाही फोनवर त्यांनी तेच सांगितलं, कागद राहिला म्हणून. पलीकडून वहिनी म्हणाल्या, बरं, अण्णांना उन्हात फार चालवू नका.

मला मनातून राग आला होता, ते का लपवू? माझा अर्धा दिवस गेला ते सोडा. पण साठी वर्षावर आलेली, मुलगी बारावीला, आणि हा माणूस एवढ्या दिवसांची मेहनत रबर लावून बंद करतो. अण्णा महिन्याभराने परत गेले. त्यांना विमानतळावर सोडून येताना गाडीत आम्ही दोघंच होतो, म्हणून मी विचारलं. म्हटलं, गवसभाऊ, कागद बावीस होते, एकही राहिला नव्हता. अण्णा तर तयार होते. मग?

"तयार होते म्हणूनच," गवस म्हणाले. "नाही म्हणाले असते ना, तर मी भांडून सही घेतली असती. एवढी वर्षं मी बाहेर. त्यांनी माझ्याकडे कधी रुमालसुद्धा मागितला नाही. त्यांच्याकडे स्वतःचं असं एवढं एकच आहे, आणि ते पण असं काढून देत होते."

मी म्हटलं, ठीक आहे, पण मग आता पुढे काय? तन्वीचं काय? कायद्यात दुसरी काही वाट असेलच की.

"आहे ना. वडील हयात नसले तरी मुलगा त्यांच्या नावाने अर्ज करू शकतो. तेव्हा त्यांची सही लागत नाही." गवसांनी काच खाली केली, बाहेरची गरम हवा आत आली, तरी ती तशीच ठेवली.

त्याला आता वर्ष होत आलं. गवसांचं सामान बांधून झालं आहे. इकामा संपला की दोडामार्ग, भावांच्या घरातली माडीवरची खोली. इमारतीतले लोक भेटले की अजून चिडवतात, काय गवस, लिस्बन कधी? ते हसून म्हणतात, तिकडचं कामकाज फार हळू चालतं हो. कुणी जास्तच कळवळून म्हणालं की लवकर होवो तुमचं काम, तर मात्र चटकन हात जोडतात आणि विषय बदलतात.

परवा मीच चुकून तसं म्हणाले. जिन्यात कोणी नव्हतं.

"असा म्हणा नको, वहिनी," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी रवळनाथाक गाऱ्हाणा घालतंय मी. माझा काम होव नये म्हणून."